गॅरेजमधली ऊब जिवावर बेतू नये म्हणून

पुण्या-मुंबईकडून नोएडात राहायला आलेल्या प्रत्येकाचा पहिला हिवाळा सारखाच जातो. येताना आपण एक स्वेटर आणि एक शाल आणतो आणि डिसेंबर संपायच्या आत दुकानात जाऊन थर्मल, लोकरी मोजे आणि रजई विकत घेतो. इथली थंडी फक्त रात्रीची नसते. धुकं बसलं की दिवसदिवस ऊन दिसत नाही. ३० डिसेंबर २०१९ ला दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत दिवसाचं कमाल तापमान अवघं ९.४ अंश नोंदवलं गेलं होतं. म्हणजे भर दुपारीसुद्धा पारा दहाच्या वर गेला नाही! त्यात इथली घरं बांधलेली असतात उन्हाळ्याचा विचार करून. फरशी थंड, भिंती थंड. आणि तळमजल्यावरच्या लोखंडी शटरच्या गॅरेजबद्दल तर बोलायलाच नको.

माझ्या मामांचा जीव याच गॅरेजमध्ये रमतो. निवृत्तीनंतर त्यांनी गाडी बाहेर लावायला सुरुवात केली आणि आत सुतारकामाचं टेबल मांडलं. करवत, रंधा, पटाशा, ड्रिल, फेव्हिकॉलचे डबे असा सगळा संसार तिथे आहे. नातवंडांसाठी चौरंग, शेजाऱ्यांसाठी चपलांचं कपाट, असं काही ना काही सतत चालू असतं. गेल्या जानेवारीत मात्र बोटं इतकी आखडायला लागली की पटाशी हातात धरवेना. मामांनी यूट्यूबवर अमेरिकेतल्या गॅरेजचे व्हिडिओ पाहिले. तिथले लोक छोटा प्रोपेन हीटर पेटवतात आणि बर्फ पडत असतानाही आरामात काम करतात. मग त्यांनी ओळखीतल्या एकांकडून सिलिंडरवर चालणारा गॅस हीटर आणला. थंड हवा येऊ नये म्हणून शटरच्या खाली रबराची पट्टीही लावली.

पहिल्याच संध्याकाळी त्यांचं डोकं दुखलं. मामींना वाटलं, पित्त झालं असेल. वर येऊन चहा घेतला, जेवण झालं आणि हळूहळू बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, शिवाय मळमळ. तिसऱ्या दिवशी मामी म्हणाल्या, "अहो, घरात आलात की बरं वाटतं, खाली गेलात की दुखतं. तुमच्या डोक्याला काही झालेलं नाही, त्या खोलीतच काहीतरी आहे."

मामींनी अगदी बरोबर ओळखलं होतं. त्या वाक्यामुळेच मी हा विषय नीट समजून घेतला. तुमच्या घरीही कुणी गॅरेजमध्ये, गच्चीवरच्या खोलीत किंवा बेसमेंटमध्ये काम करत असेल, तर पुढची पाच मिनिटं नक्की द्या.

ज्योत खोलीतून काय घेते आणि काय सोडते?

अमेरिकेत ज्याला प्रोपेन हीटर म्हणतात, त्याचा आपल्याकडचा भाऊ म्हणजे एलपीजीवर चालणारा हीटर. आपला एलपीजी हे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच वायूरूपात यायचं थांबतं, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू राहतं. म्हणून कडक थंडीच्या देशांत प्रोपेनला पसंती आहे. पण जळण्याच्या बाबतीत दोघांचा स्वभाव एकच. खोलीतला ऑक्सिजन घ्यायचा आणि उष्णतेबरोबर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ सोडायची.

आता एक साधा हिशोब करू. समजा गॅरेज ५ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच आहे. म्हणजे साधारण ४० घनमीटर हवा. त्यात ३ किलोवॅटचा गॅस हीटर लावला, तर तो तासाला पाव किलोपेक्षा थोडा कमी गॅस जाळतो. त्यातून तासाभरात सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि साडेतीनशे मिलीहून जास्त पाणी तयार होतं. खोली अगदी घट्ट बंद असेल, तर दोन तासांत हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरतो.

त्या पाण्याचं काय होतं माहीत आहे? ते थंड शटरवर, भिंतींवर आणि मामांच्या पटाशांवर जाऊन बसतं. हीटर लावल्यापासून हत्यारांना गंज का चढतोय, याचं कोडं मामांना असं सुटलं!

पण गंज घासून काढता येतो. खरी भीती पुढे आहे. ऑक्सिजन कमी पडायला लागला, किंवा बर्नरमध्ये धूळ-भुसा अडकला, की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. त्यामुळे श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही.

इथे बऱ्याच जणांची एक गल्लत होते. "गॅसचा वास येत नाहीये, म्हणजे सगळं ठीक आहे," असं आपण म्हणतो. सिलिंडरमधला गॅस गळला तर कळावं म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. तो वास न जळलेल्या गॅसचा असतो. कार्बन मोनॉक्साइड तयार होतो गॅस जळल्यावर आणि त्याला कसलाच वास नसतो. म्हणजे वास नसणं ही गळती नसल्याची खूण आहे, हवा चांगली असल्याची नाही.

ज्या घटना विसरून चालणार नाहीत

हे सगळं पुस्तकी वाटत असेल, तर जानेवारी २०२० आठवा. केरळमधल्या पंधरा पर्यटकांचा एक गट नेपाळमध्ये पोखरा पाहून परतत होता. मकवानपूर जिल्ह्यातल्या दामन या थंड ठिकाणी ते मुक्कामाला थांबले. त्यातले आठ जण एकाच खोलीत झोपले. थंडी कडाक्याची, म्हणून खोलीत गॅस हीटर लावलेला आणि दारं-खिडक्या आतून बंद. २१ जानेवारीच्या सकाळी ते आठही जण बेशुद्ध सापडले. हेलिकॉप्टरने काठमांडूला नेलं, पण एकही वाचला नाही. त्यात चार लहान मुलं होती.

आपल्या राजधानी परिसरात हेच काम कोळशाची किंवा लाकडाची अंगीठी करते. १४ जानेवारी २०२४ ला दिल्लीच्या अलीपूर भागातल्या खेडा गावात एकाच कुटुंबातले चौघे बंद खोलीत मृत सापडले. त्यांच्या खोलीत अंगीठी होती. त्याच दिवशी इंद्रपुरीत अंगीठी लावून झोपलेले दोघे जण दगावले.

आणि हे फक्त झोपलेल्यांच्या बाबतीत घडतं असंही नाही. मार्च २०२३ मध्ये होळीच्या सुमारास मुंबईत घाटकोपरला एक जोडपं आणि आपल्या शेजारी गाझियाबाद जिल्ह्यात मुरादनगरला दुसरं जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं. दोन्ही ठिकाणी संशय होता गॅस गिझरवर.

हॉटेलची खोली, गावातलं घर, शहरातलं बाथरूम. जागा वेगळ्या, इंधनं वेगळी, पण गोष्ट एकच: आत ज्योत आणि हवेला वाट नाही. मामांच्या गॅरेजमध्येही नेमकं हेच जमून आलं होतं. हीटर लावला ही एक चूक होतीच, पण शटरखाली लावलेल्या रबरी पट्टीने तिला धोकादायक बनवलं. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. फट बुजवायची असेल तर आत ज्योत नको आणि ज्योत लावायची असेल तर फट हवीच. दोन्ही एकत्र कधीच नाही.

"पण आमच्या हीटरला तर सेन्सर आहे!"

बऱ्याच चांगल्या गॅस हीटरमध्ये ऑक्सिजन कमी झाल्यावर आपोआप बंद होण्याची सोय असते. हवेतला ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास आला की छोटी पायलट ज्योत आपल्या जागेवरून हलते, तिच्यासमोरचा सेन्सर थंड पडतो आणि गॅसचा व्हॉल्व्ह बंद होतो. सोय चांगली आहे, पण तिची मर्यादाही समजून घ्या. हा सेन्सर ऑक्सिजनचा अंदाज घेतो, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नरमध्ये भुसा अडकून ज्योत बिघडली, तर ऑक्सिजन पुरेसा असतानाही विषारी वायू तयार होऊ शकतो. सुतारकामाच्या खोलीत भुशाला काय तोटा?

त्यासाठी वेगळा कार्बन मोनॉक्साइड अलार्म मिळतो. घेताना त्यावर यूएल २०३४ किंवा ईएन ५०२९१ हे मानक लिहिलेलं आहे का ते बघा. धुराचा अलार्म किंवा स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा अलार्म हे काम करत नाही. हा अलार्म आपण काम करतो त्या जागी, साधारण नाकाच्या उंचीवर लावायचा. आतला सेन्सर काही वर्षांनी निकामी होतो, म्हणून बदलायची तारीख पाकिटावरून बघून त्यावरच पेनने लिहून ठेवा.

अजून एक. कोविडच्या काळात आपण सगळ्यांनी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला होता. "त्यावर ९८ दाखवतंय, म्हणजे मी ठीक आहे," असं इथे समजू नका. साधा ऑक्सिमीटर ऑक्सिजनने भरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइडने भरलेलं हिमोग्लोबिन वेगळं ओळखू शकत नाही. त्यामुळे माणूस गंभीर असतानाही आकडा छान दिसू शकतो.

मग थंडीत काम करायचंच नाही का?

करायचं की! फक्त विचार थोडा बदलायचा. आपल्याला ४० घनमीटर हवा गरम करायची नसते, एका माणसाचे हात-पाय गरम ठेवायचे असतात.

• पायांपासून सुरुवात करा. काँक्रीटची फरशी अंगातली ऊब ओढून घेते. उभं राहायच्या जागी जाड रबरी मॅट किंवा लाकडी फळी टाका. मामांनी उरलेल्या प्लायवूडचा पाट केला. निम्मी थंडी तिथेच गेली असं ते सांगतात.

• थराथराने कपडे घाला. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर अंगाला घट्ट बसणारं जाकीट. मात्र ड्रिल किंवा फिरणाऱ्या यंत्राजवळ मफलर, शालीचं टोक आणि सैल हातमोजे अजिबात नकोत. ते यंत्रात ओढले जातात. कानटोपी चालेल.

• आता फटी बुजवा. आत ज्योत नसेल तर शटरखालची रबरी पट्टी, खिडकीच्या कडेचा फोम हे सगळं उपयोगाचं आहे. मात्र रंग, पॉलिश किंवा थिनर वापरताना खिडकी उघडायची.

• विजेचा हीटर निवडा. भुसा उडतो तिथे तेलाने भरलेला ऑइल हीटर सगळ्यात बरा, कारण त्यात लालभडक तार उघडी नसते. हळू तापतो, म्हणून कामाच्या अर्धा तास आधी लावा. रॉडचा किंवा हॅलोजन हीटर समोर बसलेल्याला पटकन ऊब देतो, पण त्याच्यापासून भुसा, कागद, कापड निदान एक मीटर लांब हवं. घासकाम करताना तो बंदच ठेवा.

• वायरिंग तपासा. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर खेचतो. छोट्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा बारीक एक्स्टेन्शनवर तो लावू नका. १६ अँपिअरचा जाड पिनांचा सॉकेट हवा. वायर हाताला गरम लागली, तर लगेच बंद करा.

• खर्चाची भीती वाटते? १००० वॅटचा हीटर एक तास चालला की एक युनिट. २००० वॅटचा दोन तास सलग चालला तर चार युनिट. तुमच्या बिलातला युनिटचा दर त्याला गुणा आणि बघा.

• कामाची वेळ बदला. फेव्हिकॉल थंडीत वाळायला वेळ लावतो. चिकटवायची कामं ऊन असताना दुपारी करा आणि मोजमाप, रेखाटन अशी बसून करायची कामं संध्याकाळी घरात करा.

तरीही गॅस हीटर वापरायचाच असेल तर

काही जागी वीज नसते, काही वेळा जाते. अशा वेळी निदान एवढं पाळा.

• शटर खालून वीतभर उघडं आणि वरची खिडकी किंवा झरोका उघडा. एका बाजूने ताजी हवा आत यायला हवी आणि दुसऱ्या बाजूने जळालेली हवा बाहेर जायला हवी. नुसता एक्झॉस्ट फॅन पुरत नाही, हवा आत यायलाही वाट लागते.

• बेसमेंटमध्ये गॅस हीटर किंवा सिलिंडर कधीच नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर उडून जात नाही, खाली साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो.

• गॅरेजमध्ये स्कूटर किंवा गाडी उभी असेल, थिनर, पेट्रोल, वॉर्निश ठेवलेलं असेल, तर ज्योत पेटवायचीच नाही. त्यांची वाफही जमिनीलगतच पसरते.

• ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लाल किंवा फडफडणारी ज्योत दिसली, काजळी धरली, तर हीटर बंद करून दुरुस्तीला द्या.

• हीटर लावून झोपायचं नाही, डुलकीही घ्यायची नाही. एकट्याने शटर बंद करून बसायचं नाही. दर अर्ध्या तासाने बाहेर एक चक्कर मारा.

• घरचा लाल सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेला असतो. तो काढून हीटरला जोडण्याचा जुगाड करू नका.

आणि गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून गरम करणं किंवा वीज गेली म्हणून आत जनरेटर लावणं, यालाही हाच नियम लागू आहे. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतोच.

लक्षणं ओळखा, वेळ घालवू नका

डोकं जड होणं किंवा दुखणं, गरगरणं, मळमळ, थकवा, काही सुचेनासं होणं. ही लक्षणं फ्लूसारखी वाटतात, पण ताप नसतो. ओळखायची सगळ्यात सोपी खूण मामींनी सांगितली तीच: त्या जागेतून बाहेर आलं की बरं वाटतं आणि परत गेलं की दुखतं. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना एकदम त्रास होत असेल, तर संशय अजून पक्का. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वयस्कर मंडळी आणि हृदयविकार असलेल्यांना याचा त्रास लवकर आणि जास्त होतो. घरातली पाळीव मांजर-कुत्रीही सुस्तावतात.

असं वाटलं तर आधी बाहेर या, मग विचार करा. कुणी आत बेशुद्ध दिसलं, तर शटर आणि खिडक्या सताड उघडा, त्यांना उघड्या हवेत आणा आणि ११२ किंवा १०८ ला फोन लावा. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: "बंद खोलीत गॅस हीटर चालू होता." हे कळलं नाही तर साधं चक्कर येणं समजून उपचार होऊ शकतात. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयात मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर ते काम साधारण तास-दीड तासात होतं. म्हणून घरी पडून राहू नका.

आणि गॅसगळतीचा वास आला तर? बटणांना हात लावू नका, काडी पेटवू नका, दारं उघडून बाहेर पडा आणि १९०६ या एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा.

गेटवरच्या भैय्यांचाही विचार करा

आपलं गॅरेज सुरक्षित झालं, पण सोसायटीच्या गेटवर रात्रभर बसणाऱ्या सुरक्षारक्षकाचं काय? शेकोटी बाहेर असते तोवर ठीक, पण गारठा वाढला की तीच पाटी केबिनमध्ये येते आणि दार लागतं. राजधानी परिसरात हवा बिघडल्यावर लागू होणाऱ्या ग्रॅप आराखड्यात, रहिवासी संघटनांनी रक्षकांना विजेचे हीटर द्यावेत असं सांगितलेलं आहे. तो नियम उघड्यावर होणारा धूर थांबवायला आहे, पण त्याने एखाद्याचा जीवही वाचू शकतो. पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय तुम्ही काढा.

आमच्या मामांनी गॅस हीटर दुसऱ्याच दिवशी परत केला. देताना त्या काकांनाही सगळं समजावून सांगितलं. आता गॅरेजमध्ये ऑइल हीटर आहे, पायाखाली प्लायवूडचा पाट आहे आणि भिंतीवर छोटा पांढरा अलार्म आहे. मामींनी त्यांची एक अटही घातली आहे. संध्याकाळी सात वाजता वरून हाक मारली की खालून "ओ" आलीच पाहिजे. नाही आली, तर त्या चहाचा कप घेऊन स्वतः खाली जातात.

तुमच्या घरीही असं कुणी खाली, वर किंवा मागच्या खोलीत एकटं काम करत असेल, तर आज संध्याकाळी एकदा जाऊन बघा. आत ज्योत आहे का आणि हवेला वाट आहे का? एवढ्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली, की मग आरामात बसून चहा घ्या.